मतदान एकदा, आकडे तीन

२००४च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. मतं पडली सुमारे २८ लाख. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन पक्षाचे डिनो रॉसी २६१ मतांनी पुढे होते. यंत्रांनी फेरमोजणी केली, तेव्हा आघाडी ४२वर घसरली. मग डेमोक्रॅटिक पक्षाने पैसे भरून हाताने मोजणी करून घेतली आणि तीत क्रिस्टीन ग्रेग्वार १२९ मतांनी जिंकल्या. एका बाजूने ओरड सुरू झाली की, मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत राहिले. दुसरी बाजू म्हणाली, प्रत्येक मत मोजलं म्हणूनच खरा निकाल लागला.

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत होत्या. नीट मोजलं तर एकच खरा आकडा निघतो, अशी. पण मतमोजणी हेही एक मोजमाप आहे, आणि चूक नसलेलं मोजमाप नसतं. स्कॅनर फिकट खूण सोडून देतो. मतदार गोल भरण्याऐवजी नावाभोवती रिंगण काढतो. माणसांच्या हातून दोन कागद चिकटून जातात, गठ्ठा चुकतो. हाताने मोजलं की अचूक, हा समजही खरा नाही. राइस विद्यापीठातल्या एका अभ्यासात मोजणीच्या पद्धतीनुसार हातमोजणीतली चूक साधारण अर्धा ते दोन टक्के निघाली होती. छिद्रं पाडायच्या मतपत्रिकांची गत तर आणखी वाईट. २०००च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात अर्धवट लोंबणारे कागदाचे तुकडे डोळ्यांजवळ धरून तपासणारे अधिकारी साऱ्या जगाने पाहिले. असं कार्ड यंत्रातून पुन्हा फिरवलं की लोंबणारा एखादा तुकडा गळून पडतो, म्हणजे मोजण्याच्या कृतीनेच मतपत्रिका बदलते.

आता गंमत अशी की, चुका पुष्कळ असल्या तरी निकाल सहसा उलटत नाही. समजा २८ लाख मतांत हजारी एक या दराने २८०० चुका झाल्या. त्या कुणाच्याही बाजूच्या नसतील, तर प्रत्येक चूक ही नाणेफेक. कधी या उमेदवाराला एक मत जास्त, कधी त्याला. अशा फेकींची बेरीज केली की बहुतेक चुका एकमेकींना खातात आणि उरलेला फरक साधारण २८००च्या वर्गमुळाइतका असतो, म्हणजे पन्नासच्या आसपास. त्यामुळे काही हजारांची आघाडी फेरमोजणीत सहजी पुसली जात नाही. २०००नंतरच्या दोन दशकांत राज्यव्यापी निवडणुकांचे निकाल फेरमोजणीने फिरले ते मोजून तीन: वॉशिंग्टन २००४, व्हरमाँटच्या लेखापरीक्षकाची निवडणूक २००६ आणि मिनेसोटाची सिनेटची जागा २००८. हरलेला उमेदवार दहा हजारांच्या पिछाडीवरून फेरमोजणीची भाषा करतो, तेव्हा ते कार्यकर्त्यांचं मन राखण्यासाठी असतं, एवढं समजावं.

चुका एकाच दिशेने झुकल्या तर मात्र हे गणित कोसळतं. वॉशिंग्टनमधल्या किंग काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात, ५७३ मतपत्रिका चुकून बाद ठरल्या होत्या. काउंटी डेमोक्रॅटिक वळणाची, त्यामुळे त्या मोजायच्या की नाहीत हा वाद पक्षाच्या रेषेवरच फुटला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने मोजायला परवानगी दिली.

प्रकरण तिथे संपलं नाही. १६७८ मतं बेकायदा पडल्याचं पुढच्या खटल्यात न्यायाधीशांनी मान्य केलं. त्यांतली बहुतेक शिक्षा झालेल्या, मतदानाचा हक्क परत न मिळालेल्या लोकांची होती. पण मतदान गुप्त. ती मतं कुणाच्या खात्यातून वजा करायची? रिपब्लिकन बाजूने संख्याशास्त्र पुढे केलं: ज्या केंद्रावर ग्रेग्वार यांना ६० टक्के मतं, तिथल्या दहा बेकायदा मतांपैकी सहा त्यांची धरा. वरवर पाहता पटण्यासारखं आहे. पण समूहाची सरासरी त्यातल्या एका विशिष्ट गटाला लावणं ही संख्याशास्त्रातली जुनी, चांगली ओळखीची चूक. तुरुंगातून सुटलेले लोक म्हणजे त्या वस्तीचा नमुना नव्हे. त्यांत पुरुष जास्त, तरुण जास्त, आणि त्यांचा कल शेजाऱ्यांसारखाच असेल याला आधार काय? न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी ही पद्धत फेटाळली. उलट, चार जणांनी आपण रॉसींना मत दिल्याचं साक्षीतून पुढे आलं. ती चार मतं रॉसींच्याच खात्यातून गेली आणि ग्रेग्वार यांचं मताधिक्य १३३ झालं!

मिनेसोटात २००८ साली वेगळाच पेच पडला. सिनेटच्या जागेसाठी रिपब्लिकन नॉर्म कोलमन डेमोक्रॅटिक अल फ्रँकन यांच्यापेक्षा २१५ मतांनी पुढे, मतं सुमारे २९ लाख. हाताने मोजताना दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी मिळून सहा हजारांहून जास्त मतपत्रिकांवर हरकती घेतल्या. एका मतदाराने फ्रँकन यांच्या नावापुढचा गोल भरला होता आणि खाली, यादीबाहेरच्या नावासाठी ठेवलेल्या जागेत ‘लिझर्ड पीपल’, म्हणजे सरडेमाणसं, असं लिहून ठेवलं होतं. हा थट्टेचा भाग की दुसरं मत? फ्रँकन यांच्या वकिलांचा युक्तिवाद असा की, लिझर्ड पीपल नावाचा उमेदवार अस्तित्वातच नाही. हरकतींचा निकाल देणाऱ्या राज्याच्या मंडळाने गांभीर्याने चर्चा केली आणि मत बाद धरलं. शेवटी चुकून नाकारलेली टपाली मतं मोजल्यावर फ्रँकन २२५ने आणि न्यायालयीन लढाईनंतर ३१२ने जिंकले. शपथ घ्यायला जुलै २००९ उजाडला.

या हरकती घेणारे सगळे लबाड होते असं नाही. संशोधकांनी लोकांना अशाच वादग्रस्त मतपत्रिका तपासायला दिल्या, तेव्हा ‘मतदाराचा हेतू पाहा’ असा मोघम नियम असला की तपासणाऱ्याचा कौल त्याच्या पक्षाकडे झुकत होता. नियम काटेकोर केला की हा झुकाव कमी व्हायचा. म्हणून खूण कशी वाचायची हे मोजणीआधी लिहून ठेवणं मला कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा मोलाचं वाटतं. फ्लोरिडातल्या वादग्रस्त १,७५,०१० मतपत्रिका नंतर वृत्तसंस्थांच्या पुढाकाराने तपासल्या गेल्या. कोणत्या मतपत्रिका घ्यायच्या आणि कोणता निकष लावायचा, यावर विजेता बदलत होता.

संख्याशास्त्राने यातून एक उपयोगी हत्यार दिलं आहे. बर्कली विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी मांडलेल्या पद्धतीत यदृच्छेने निवडलेल्या कागदी मतपत्रिका यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहतात आणि निकाल चुकीचा असूनही तो न पकडला जाण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत नमुना वाढवत नेतात. कोलोरॅडोने २०१७मध्ये ती राज्यभर वापरली. निवड कुणी आधीच ठरवलेली नाही हे दिसावं म्हणून तिथे जाहीरपणे दहा बाजूंचे फासे टाकतात. आघाडी मोठी असेल तर थोड्याशा मतपत्रिकांत काम भागतं. आघाडी शंभर-दोनशेवर आली की नमुना फुगत फुगत पूर्ण मोजणीवरच जाऊन पोचतो.

आणि त्याही खाली? व्हर्जिनियात २०१७ साली विधानसभेच्या एका जागेसाठी शेली सिमंड्स फेरमोजणीत एका मताने जिंकल्या. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांनी बाद धरलेली एक मतपत्रिका पुन्हा पाहिली. तिच्यावर दोन्ही गोल भरलेले, पण सिमंड्स यांच्या गोलावर तिरकी रेघ. ते मत त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी डेव्हिड यान्सींचं ठरलं आणि सामना ११,६०८–११,६०८ असा बरोबरीत आला. तिथल्या कायद्यात अशा वेळी सोडत आहे. ४ जानेवारी २०१८ला भांड्यातून चिठ्ठी निघाली ती यान्सींची, आणि सभागृह ५१–४९ने रिपब्लिकनांकडे राहिलं. सिमंड्स यांनी २०१९मध्ये त्यांना हरवलं. त्या वेळी फेरमोजणी लागली नाही.