अ‍ॅलर्जीच्या पेशी कोण घडवतं? गाटा-३ आणि 'मास्टर'च्या वादाची पार्श्वभूमी

अ‍ॅलर्जीत आयजीई ही अँटिबॉडी वाढते, मास्ट सेल या रोगप्रतिकारक पेशींमधून हिस्टामिन हे रसायन सुटतं, मग शिंका, खाज, दम, हे सगळं वाचणाऱ्यांना माहीत असेलच म्हणून सोडून देतो. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. शरीरातल्या पेशींमध्ये डीएनए जवळपास तोच असतो, मग थोड्याच पेशी आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३ (अ‍ॅलर्जी पेटवणारी सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवायचे निरोप) बनवतात आणि बाकीच्या का नाही बनवत? याचं पाठ्यपुस्तकी उत्तर गाटा-३ नावाचं एक 'मास्टर' प्रोटीन, आणि वाद त्याच्यावरच आहे.

जुना इतिहास भराभर. अ‍ॅलर्जी हा शब्द १९०६ चा, व्हिएन्नातला. १९२१ मध्ये माशाची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाचं सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) दुसऱ्याच्या त्वचेत टोचलं आणि नंतर तिथेच माशाचा अर्क दिला तर गांधी उठली, म्हणजे रक्तात काहीतरी आहे हे कळलं. ते काहीतरी म्हणजे आयजीई हे सापडायला १९६६-६७ उजाडलं. पण बी सेलला (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना) आयजीई बनवायला सांगतं कोण, हा प्रश्न तसाच राहिला. १९८६ मध्ये उंदरांच्या मदतनीस टी सेलचे (बाकी रोगप्रतिकारक पेशींना दिशा देणाऱ्या पेशींचे) दोन प्रकार वेगळे काढले, टीएच-१ आणि टीएच-२, आणि आयएल-४ बनवणारे टीएच-२ हे अ‍ॅलर्जीच्या बाजूचे निघाले. १९९२ मध्ये दम्याच्या पेशंटच्या फुप्फुसातून धुऊन काढलेल्या पेशींमध्येही तोच पॅटर्न दिसला.

इथून पुढे गोष्ट जीनच्या नियंत्रणाची होते. १९९६ मध्ये कळलं की स्टॅट-६ हे प्रोटीन नसलेल्या उंदरांमध्ये आयएल-४ चा निरोप पेशीच्या आत पोचतच नाही, टीएच-२ धड तयार होत नाहीत आणि आयजीई पण नाही. १९९७ मध्ये गाटा-३ आलं. हे डीएनएला चिकटून जीन चालू-बंद करणारं प्रोटीन. टीएच-२ मध्ये ते भरपूर, टीएच-१ मध्ये नाहीच्या बरोबर, आणि मुद्दाम सगळ्या सीडी-४ टी सेलमध्ये (टीएच-१, टीएच-२ ज्यांतून घडतात त्या) चालू ठेवलं तर टीएच-१ च्या वाटेवरच्या पेशीही टीएच-२ ची सायटोकाइन बनवायला लागल्या. २००० मध्ये टीएच-१ साठी टी-बेट सापडलं, २००३ मध्ये रेग्युलेटरी (प्रतिक्रिया आवरणाऱ्या) टी सेलसाठी फॉक्सपी-३, २००६ मध्ये टीएच-१७ या आणखी एका प्रकारासाठी आरओआर-गॅमा-टी. प्रत्येक प्रकारच्या पेशीला तिची ओळख ठरवणारा एक 'मास्टर रेग्युलेटर', अशी सुटसुटीत चौकट तयार झाली आणि पाठ्यपुस्तकात जाऊन बसली.

माझ्या मते गडबड इथेच झाली, आणि यावर जरा सविस्तर लिहायला हवं. गाटा-३ हे काही अ‍ॅलर्जीसाठी राखून ठेवलेलं प्रोटीन नाही. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी सेल जन्मायलाच ते लागतं. उंदराच्या गर्भात ते पूर्ण काढून टाकलं तर पिल्लू जन्माआधीच मरतं. माणसात त्याची एक प्रत बिघडली तर पॅराथायरॉइड (गळ्यातल्या छोट्या ग्रंथी), कान आणि किडनी या तिन्हींचा त्रास एकत्र होतो, हे २००० सालीच कळलं होतं. पॅथॉलॉजीत तर ब्रेस्ट कॅन्सर ओळखायला गाटा-३ चा स्टेन (ते प्रोटीन रंगवून दाखवणारी चाचणी) वापरतात. मग हे एकटं 'टीएच-२ चं मास्टर' कसं?

मास्टर म्हणणाऱ्यांची बाजूही कच्ची नाही. २००४ मध्ये फक्त टी सेलमधून गाटा-३ काढून बघितलं तेव्हा टीएच-२ तयारच होईनात, उलट पेशी टीएच-१ कडे घसरल्या. पण त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट होती जी फारशी सांगितली जात नाही. आधीच पक्क्या झालेल्या टीएच-२ मधून गाटा-३ काढलं तर आयएल-५ आणि आयएल-१३ बंद पडलं, आयएल-४ वर मात्र फार फरक पडला नाही. म्हणजे एकदा जीन उघडलं की ते उघडं राखायला दुसरी व्यवस्था आहे, मास्टर गेला तरी. आणि २०११ मध्ये वेगवेगळ्या टी सेलमध्ये गाटा-३ डीएनएवर नेमकं कुठे बसतं याचा नकाशा काढला तर प्रत्येक प्रकारच्या पेशीत जागा बऱ्याच वेगळ्या, म्हणजे कुठे बसायचं हे ते एकटं ठरवत नाही, आजूबाजूची प्रोटीन आणि उघडं-मिटलेलं क्रोमॅटिन (प्रोटीनवर गुंडाळलेलं डीएनए) मिळून ठरवतात. एवढं समोर असूनही लेखांमध्ये 'मास्टर' चालूच आहे आणि विद्यार्थी तेच पाठ करतात, याचं खरंच वाईट वाटतं.

क्रोमॅटिनची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. माणसात आयएल-४, आयएल-१३ आणि आयएल-५ ही तिन्ही जीन ५ व्या क्रोमोसोमवर जवळजवळ आहेत आणि मध्ये रॅड-५० नावाचं डीएनए दुरुस्तीचं जीन आहे. २००३ मध्ये उंदरांत दिसलं की आयएल-४ आणि आयएल-१३ ला हुकूम देणारा भाग या रॅड-५० च्या आत आहे, आपल्या घरातल्या दिव्याचं बटण शेजाऱ्याच्या भिंतीत असावं तसं. पुढच्याच वर्षी दिसलं की डीएनए वळून तो भाग या जीनच्या जवळ येतो. नंतर दमा आणि आयजीईच्या मोठ्या जेनेटिक पाहण्यांमध्ये रॅड-५० आणि आयएल-१३ चा हाच पट्टा वर आला, आणि एकूणच अ‍ॅलर्जीशी जोडलेले बहुतेक डीएनएतले फरक प्रोटीन बनवणाऱ्या भागात नसून नियंत्रणाच्या भागात आहेत.

इओसिनोफिलचं (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं) उदाहरणही इथलंच. २००२ मध्ये उंदराच्या गाटा-१ (गाटा-३ च्याच कुटुंबातलं) जीनच्या प्रमोटरमधली, म्हणजे ते चालू करणाऱ्या भागातली, एक छोटीशी जागा काढली तर इओसिनोफिल बनणंच थांबलं. तेच उंदीर वापरून एका गटाने २००४ मध्ये सांगितलं की इओसिनोफिल नसले तरी श्वासनलिका तशीच आकसते, आणि त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात वेगळ्या पद्धतीने इओसिनोफिल घालवलेल्या उंदरांवरून दुसऱ्या गटाने बरोबर उलटं सांगितलं.

२०१० मध्ये तर चौकटच हलली. तीन टीमना त्याच वर्षी टी सेल नसूनही आयएल-५ आणि आयएल-१३ चा पूर आणणाऱ्या पेशी सापडल्या, प्रत्येकाने वेगळं नाव ठेवलं, २०१३ मध्ये आयएलसी-२ वर एकमत झालं. यांना अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी आणणारा पदार्थ) ओळखावंच लागत नाही, श्वासनलिकेच्या अस्तरातून आयएल-३३ किंवा टीएसएलपी हे निरोप आले की पुरे. गाटा-३ यांनाही लागतं, शिवाय आरओआर-अल्फा हे प्रोटीन लागतं. २०१६ मध्ये उंदरांवरच्या कामातून कळलं की टी सेलला जे जीन संसर्गाच्या वेळी उघडावे लागतात ते यांच्यात आधीपासूनच बरेचसे उघडे असतात.

औषधं याच साखळीवर आलीत. २०१७ मध्ये एक्झिमासाठी मंजूर झालेलं ड्युपिल्युमॅब आयएल-४ आणि आयएल-१३ चा रिसेप्टर (निरोप झेलणारं प्रोटीन) अडवतं म्हणजे स्टॅट-६ च्या आधीच थांबवतं, २०२१ चं टेझेपेल्युमॅब त्याही वर जाऊन टीएसएलपी पकडतं. थेट गाटा-३ वरच हात घालायचा प्रयत्नही झाला, त्याचा आरएनए (प्रोटीन बनवण्यासाठीची जीनची प्रत) कापणारा डीएनएचा तुकडा सौम्य दम्याच्या पेशंटना श्वासातून दिला, २०१५ मध्ये निकाल आला, अ‍ॅलर्जन दिल्यावर काही तासांनी येणारी दम्याची प्रतिक्रिया साधारण एक तृतीयांशने कमी झाली. पूर्ण थांबली नाही.