काट्याच्या फाइलवरून हिस्टोग्राम: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या पॅकिंग टेबलावरचा काटा प्रत्येक पाकिटाचं वजन एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो. काटा बसवताना ती सोय आम्हीच चालू करून देतो. पुढे बहुतेक गाळ्यांमध्ये ती फाइल नुसती वाढत राहते. महिनाअखेरीला कोणीतरी ५०० ग्रॅमच्या पाकिटांची सरासरी काढतं, ५०२ ग्रॅम येते, सगळे निर्धास्त. आणि तरीही दुकानदाराचा फोन येतो की पाकीट हलकं निघालं. यात नवल काही नाही. ४८५ आणि ५१९ ग्रॅमच्या दोन पाकिटांची सरासरीही ५०२ च येते, आणि गिऱ्हाइकाच्या हातात सरासरी पडत नाही, पाकीट पडतं.

नियमही हेच धरून चालतात. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे ५०० ग्रॅमच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट सहन केली जाते, २०० ग्रॅमच्या पाकिटात ९ ग्रॅम आणि १०० ग्रॅमच्या पाकिटात साडेचार ग्रॅम. पण म्हणून सगळीच पाकिटं ४९० ग्रॅमची भरली तर चालत नाही. तपासणीत नमुन्याची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असता कामा नये, आणि या सवलतीच्या, म्हणजे सहन होणाऱ्या तुटीच्या, दुपटीहून जास्त तूट असलेलं एकही पाकीट सापडता कामा नये. म्हणजे बहुतेक वजनांचा ढीग कुठे बसलाय तेही बघायचं आणि त्याचं शेपूट डावीकडे किती लांब गेलंय तेही. हे दोन्ही एका नजरेत दाखवणारं चित्र म्हणजे हिस्टोग्राम, शाळेतल्या गणितातला आयतालेख. आडव्या रेषेवर वजन, उभ्या रेषेवर त्या वजनाची पाकिटं किती. काट्याबरोबर दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये हे चित्र काढणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम, आहे. तिच्यासाठी वेगळे पैसे नाहीत.

आधी फाइल उघडून बघा

नोटपॅडमध्ये उघडा. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. एक्सेल तारखांचा साचा आपल्या मनाने बदलतो, आणि "युनिकोड टेक्स्ट" म्हणून सेव्ह केलंत तर फाइलची आतली मांडणीच बदलते. डोळ्यांना ती तशीच दिसते, स्क्रिप्टला मात्र वाचता येत नाही. एक्सेलमध्ये बघायचीच असेल तर कॉपी करून कॉपी उघडा.

फाइलमधली ओळ साधारण अशी असते: तारीख, वेळ, मग "एसटी" किंवा "यूएस" अशी दोन अक्षरं, मग वजन, मग एकक. ती दोन अक्षरं महत्त्वाची आहेत. एसटी म्हणजे काटा स्थिर झाल्यावर घेतलेली नोंद. यूएस म्हणजे पाकीट ठेवलंय पण आकडा अजून हलतोय. स्क्रिप्ट फक्त एसटीच्या ओळी धरते. तुमच्या फाइलमध्ये यूएसच्या ओळी फार दिसत असतील तर टेबल हलतंय का, शेजारच्या गाळ्यात प्रेस चालू आहे का, किंवा पंख्याचा वारा थेट काट्याच्या ताटलीवर येतोय का, ते बघा. वेलची-केशरासारखं १० ग्रॅमचं पाकीट मोजणाऱ्या काट्याला पंखा चांगलाच जाणवतो.

काही काटे ग्रॅममध्ये लिहितात, काही किलोमध्ये, म्हणजे ५०३ ऐवजी ०.५०३. एकक ओळीतच असेल तर स्क्रिप्ट ओळखून हिशेब करते. नसेल तर तुम्हाला सांगावं लागतं, नाहीतर अर्ध्या ग्रॅमची पाकिटं दिसायला लागतात.

रिकाम्या ओळी, "ओव्हरलोड"च्या ओळी, ताटली रिकामी असताना चुकून बटण दाबल्यामुळे आलेली शून्यं, या सगळ्या बाजूला काढल्या जातात. पण गुपचूप नाही. काढलेली प्रत्येक ओळ "गाळलेल्या" नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये जाते आणि शेवटी आकडा दिसतो: इतक्या ओळी वाचल्या, इतक्या गाळल्या. गाळलेल्या ओळी शेकड्याला दोनचारपेक्षा जास्त असतील तर आधी ती फाइल बघा, चित्र नंतर. न आवडणारे आकडे मुकाट्याने टाकून देणारी स्क्रिप्ट आम्ही स्वतःही वापरणार नाही.

स्क्रिप्ट चालवणं

यात विशेष काही नाही. पायथन ३ ही प्रोग्रामिंगची भाषा, तिला हिशेबासाठी लागणारं नम्पाय आणि चित्रासाठी लागणारं मॅटप्लॉटलिब हे तिन्ही फुकट मिळतात, आणि काटा बसवताना आमचा माणूस ते तुमच्या कॉम्प्युटरवर टाकून देतो. त्यानंतर इंटरनेट लागत नाही. वजनांची फाइल स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये ठेवायची, स्क्रिप्टवर डबल-क्लिक करायचं, काळी खिडकी उघडते, थोड्या वेळात चित्र त्याच फोल्डरमध्ये तयार होतं.

बदलायच्या ओळी सगळ्यात वर आहेत: फाइलचं नाव, वजन कितव्या रकान्यात आहे, पाकिटावरचं छापील वजन आणि काट्याची पायरी, म्हणजे काट्यावरचा आकडा किती ग्रॅमच्या उड्यांनी बदलतो ते. ही नावं आम्ही मुद्दाम मराठीत ठेवली आहेत, पायथन ३ ला ती चालतात. आकडे मात्र तिथे इंग्रजीच टाका. गंमत अशी की फाइलमधून वाचलेले मराठी आकडे पायथन बिनतक्रार समजून घेतो, पण स्क्रिप्टच्या ओळीत ५०० असं मराठीत लिहिलंत तर अडून बसतो. हजाराच्या आकड्यात स्वल्पविरामही घालू नका.

खांबाची रुंदी: सगळा खेळ इथे आहे

वजनं एकत्र करून खांब उभे करायचे म्हटल्यावर पहिला प्रश्न असा की एका खांबात किती ग्रॅम घ्यायचे. बहुतेक लोक तो कॉम्प्युटरवर सोडतात, आणि इथेच चित्र फसवतं.

समजा ३०० पाकिटांची फाइल आहे. काटा एक ग्रॅमचा, सगळ्यात हलकं पाकीट ४९५, सगळ्यात जड ५१०. फरक १५ ग्रॅमचा. नम्पायला वेगळं काही सांगितलं नाही तर तो सरळ दहा खांब पाडतो, म्हणजे प्रत्येक खांब दीड ग्रॅमचा. आता काटा तर अर्धा ग्रॅम दाखवतच नाही. पहिल्या खांबात ४९५ आणि ४९६ ही दोन वजनं बसली. दुसरा खांब ४९६.५ पासून ४९८ पर्यंत, पण बरोबर कडेवरचा आकडा उजवीकडच्या खांबात मोजला जातो, म्हणून दुसऱ्यात एकटं ४९७ उरलं. तिसऱ्यात ४९८ आणि ४९९. चौथ्यात एकटं ५००. पाचव्यात पुन्हा दोन. असं करत चित्र कंगव्यासारखं होतं: एक उंच, एक बुटका, एक उंच, एक बुटका. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नेमका ५०० चा खांब बुटका दिसतो. मालक म्हणतो, मशीन ५०० टाळतंय, फिलर (पाकीट भरणारं मशीन) खोला. फिलरमध्ये काहीही बिघाड नसतो. शेवटच्या दोन खांबांत तर लागोपाठ दोन-दोन वजनं येतात, कारण सगळ्यात शेवटच्या खांबात दोन्ही कडा धरल्या जातात. म्हणजे कंगवाही धड सारखा नाही.

उपाय सोपा आहे. खांबाची रुंदी काट्याच्या पायरीच्या पटीतच घ्यायची, आणि कडा पायरीच्या निम्म्याने मागे सरकवायच्या. एक ग्रॅमच्या काट्याला कडा ४९४.५, ४९५.५, ४९६.५ अशा, थेट ५१०.५ पर्यंत. सोळा खांब, प्रत्येकात एकच वजन, आणि कोणताही आकडा कडेवर पडत नाही. दोन ग्रॅमच्या काट्याला वजनं सम आकड्यांत येतात, म्हणून कडा विषम आकड्यांवर. ०.१ ग्रॅमच्या काट्याला हे आणखीच गरजेचं, कारण ०.१ हा आकडा कॉम्प्युटर आपल्या बायनरी हिशेबात तंतोतंत साठवू शकत नाही. कडेवरचं वजन मग केसाच्या फरकाने कधी डावीकडे जातं, कधी उजवीकडे. कड मध्यावर ठेवली की भांडणच मिटलं.

आमची स्क्रिप्ट हे आपोआप करते. मात्र तिला पायरी खरी सांगायला हवी. बाजारात "एक ग्रॅम अ‍ॅक्युरसी" म्हणून विकलेला काटा प्रत्यक्षात दोन किंवा पाच ग्रॅमच्या उड्या मारत असतो, मोठ्या क्षमतेच्या काट्यांत तर हे नेहमीचंच. फाइलमधली वीसपंचवीस वजनं वाचा. सगळी सम असतील तर पायरी दोनची. सगळी ० किंवा ५ वर संपत असतील तर पाचची. काट्यावरच्या पट्टीतही ती लिहिलेली असते.

पुस्तकात खांबांच्या संख्येची सूत्रं असतात. जुनं सूत्र स्टर्जेस यांचं, १९२६ मधलं: ६४ नोंदींना ७ खांब, ५१२ नोंदींना १०. नोंदी हजारांत गेल्या की हे सूत्र फार कंजूष ठरतं, एवढ्या माहितीला डझनभर खांब म्हणजे सगळं बारीकसारीक पुसून टाकणं. १९८१ मध्ये फ्रीडमन आणि डायकोनिस यांनी दिलेलं सूत्र आम्हाला जास्त पटतं. सगळी वजनं चढत्या क्रमाने लावा, मधली निम्मी पाकिटं किती ग्रॅमांत पसरली आहेत ते बघा, त्याची दुप्पट करा आणि नोंदींच्या घनमुळाने भागा. हजार पाकिटं असतील आणि मधली निम्मी चार ग्रॅमांत मावत असतील तर आठ भागिले दहा, म्हणजे ०.८ ग्रॅम. एक ग्रॅमच्या काट्यावर ०.८ ला अर्थ नाही, म्हणून स्क्रिप्ट ते वरच्या पटीत, एक ग्रॅमवर नेते. सूत्र काहीही म्हणो, काट्याची पायरी मोडायची नाही.

भरकटलेल्या एखाद्या आकड्याचंही तसंच. सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला त्या दिवशी शंभरही नव्हता. सांताक्रूझच्या जुलैमधल्या रोजच्या पावसाच्या आकड्यांत तो दिवस धरून दहा खांब पाडले तर एकेक खांब ९४ मिलिमीटरचा होतो, आणि उरलेला जवळजवळ सगळा जुलै पहिल्याच खांबात कोंबला जातो. तुमच्या फाइलमध्ये ताटलीवर विसरलेल्या दोन किलोच्या पिशवीची एक नोंद हेच करते. म्हणून स्क्रिप्ट छापील वजनाच्या २० टक्के अलीकडे-पलीकडे एवढाच भाग काढते. बाहेरची पाकिटं फेकत नाही, चित्राच्या कोपऱ्यात त्यांची संख्या लिहिते.

चित्रात काय शोधायचं

लाल उभी रेघ छापील वजनाची, तुटक रेघ सवलतीच्या मर्यादेची. ५०० ग्रॅमच्या पाकिटाला ती ४८५ वर येते. ढीग लाल रेघेच्या किंचित उजवीकडे, दोन्ही बाजूंना सारखा उतरत गेलेला असेल तर मशीन ठीक आहे. उजवीकडे फारच लांब असेल तर माल फुकट जातोय, आणि काजू-बदाम भरणाऱ्यांना तो हिशेब आम्ही समजावायची गरज नाही.

दोन टेकड्या दिसल्या तर दोन वेगळ्या गोष्टी एकाच फाइलमध्ये मिसळल्या आहेत असं समजा: माल सोडणारी दोन नोझल, दोन पाळ्या, किंवा पाकिटाच्या कागदाचा नवा रोल आणि टेअर (रिकाम्या पाकिटाचं वजा होणारं वजन) मात्र जुन्याचाच. फाइल पाळीप्रमाणे किंवा नोझलप्रमाणे वेगळी करून पुन्हा काढा, टेकड्या बहुधा सुट्या होतात.

लाल रेघेच्या डावीकडे एकदम कडा तुटल्यासारखी मोकळी जागा आणि ५०० वर उंच खांब, हे चित्र दिसायला छान असतं. पण ते मशीनचं नाही, हाताचं आहे. टेबलावरचा माणूस हलक्या पाकिटात चमचाभर टाकून मगच बटण दाबतोय. काम तो चोखच करतोय, फक्त मशीन किती हलकं भरतंय ते फाइलमधून कळत नाही. एक दिवस भरण्याआधीचं वजनही नोंदवायला सांगा.

पावसाळ्यात ढीग पसरट होतो. हळद, मिरची, गरम मसाला ओल धरतात, हॉपरमध्ये (माल ओतायच्या नरसाळ्यात) गोळे होतात, ऑगरमधून (माल ढकलणाऱ्या स्क्रूमधून) एका फेऱ्यात कमी पडतं, पुढच्यात जास्त. लालबागच्या आमच्या मसालेवाल्या ग्राहकांनी मे आणि जुलैची चित्रं शेजारी ठेवून बघावीत. त्यासाठी आडवी रेषा दोन्ही चित्रांत सारखी हवी, तशी ओळ स्क्रिप्टमध्ये आहे.

सगळा ढीग जसाच्या तसा सरकलाय असं वाटलं तर आधी टेअर आणि शून्य तपासा, मग माहीत असलेलं वजन ठेवून बघा. काटाच चुकतोय असं निघालं तर आम्हाला कळवा, पण स्वतः उघडू नका. मुद्रांकनाचं, म्हणजे सरकारी पडताळणीचं, सील तुटलं की काटा पुन्हा पडताळून घ्यावा लागतो.

आमच्याकडे पाठवायचं असेल तर

मूळ टेक्स्ट फाइल, स्क्रिप्टने काढलेलं चित्र आणि "गाळलेल्या" ओळींची फाइल, तिन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो नको, खांबांवरचे आकडे वाचता येत नाहीत. सोबत माल कोणता, पाकीट किती ग्रॅमचं आणि कोणती पाळी एवढं लिहा. चित्र बघून फोनवर सांगण्यासारखं असेल तर त्याच दिवशी सांगतो, त्याचे पैसे नाहीत. माणूस पाठवावा लागला तर भेटीचा दर बिलामागे छापला आहे.

गणपतीच्या दहा दिवसांत लालबाग-परळ भागात आमची गाडी आत येत नाही, त्यामुळे काटा उचलून नेण्याचं काम त्या काळात होणार नाही. मुद्रांकनाची तारीख त्या दिवसांत येत असेल तर काटा आठवडाभर आधी दुकानात आणून द्या. बदली काटा देतो. त्याची पायरी वेगळी असू शकते, तेव्हा स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत ती बदलून घ्या.