पहाटेची थंडी, द्राक्षाचं पान आणि उघडं आभाळ

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. मण्यांची फुगवण मंदावते, पाणी उतरलेल्या (पिकू लागलेल्या) घडांना तडे जाण्याची भीती असते. अशा वेळी सावलीत टांगलेला तापमापक ७ अंश दाखवत असला, तरी मांडवावरचं पान ४ अंशांवर गेलेलं असू शकतं. हे ३ अंश जातात कुठे, याचा हिशेब कागदावर मांडता येतो आणि तो प्रत्येक बागायतदाराने एकदा तरी मांडून पाहावा.

प्रत्येक वस्तू प्रारणाने, म्हणजे न दिसणाऱ्या लहरींच्या रूपात, उष्णता बाहेर टाकत असते. किती टाकते, हे तिच्या केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. हा नियम १८७९ मध्ये स्टेफान यांनी प्रयोगांच्या आकड्यांवरून मांडला आणि १८८४ मध्ये बोल्ट्झमान यांनी सिद्धांतातून मिळवला. हाताने हिशेब करायची सोपी रीत अशी: केल्विन तापमानाला १०० ने भागा, चौथा घात करा, ५.६७ ने गुणा. उत्तर दर चौरस मीटरला वॅटमध्ये येतं.

७ अंश सेल्सिअस म्हणजे २८० केल्विन. २.८ चा वर्ग ७.८४, त्याचा वर्ग ६१.४७, गुणिले ५.६७ म्हणजे ३४८ वॅट. आता आभाळाकडून परत किती येतं ते पाहू. हवा कोरडी, दवबिंदू शून्याच्या आसपास आणि ढग नसतील, तर आभाळ याच्या साधारण ०.७४ पट, म्हणजे २५८ वॅट परत देतं. म्हणजे पानाच्या दृष्टीने वरचं आभाळ उणे १३ अंशांचं आहे! फरक ९० वॅट. पानाची उत्सर्जकता (प्रारण बाहेर टाकण्याची क्षमता) ०.९६ धरली तर निव्वळ तोटा सुमारे ८७ वॅट.

नवशिका इथे हमखास एक चूक करतो: सूत्रात सेल्सिअस घालतो. उणे १३ चा चौथा घात अधिक येतो, तोही ७ च्या चौथ्या घाताच्या जवळजवळ १२ पट. मग थंड आभाळच पानाला तापवतंय असं उत्तर मिळतं. २७३ मिळवल्याशिवाय पुढे जाऊच नये.

पान गार होऊ लागलं की भोवतीची हवा त्याला दोन्ही बाजूंनी ऊब देते. हलक्या झुळुकीत एका बाजूला दर अंशामागे सुमारे १० वॅट धरले, तर पान हवेपेक्षा ३ अंशांनी खाली जाऊन स्थिरावतं. वारा पूर्ण पडला तर हाच फरक ४ अंशांवर जातो. ढग आले तर चित्रच पालटतं. २ अंशांवरचा दाट ढग ३२४ वॅट परत देतो, तोटा २३ वॅटवर येतो. म्हणून अंदाज बघताना किमान तापमानाइतकंच लक्ष ढग आणि वाऱ्याकडे हवं.

मग शेकोट्यांचं काय? तासाला ५ किलो कोरडं लाकूड जाळलं तर साधारण २० किलोवॅट उष्णता निघते. त्यातली पाव प्रारणाने पसरते असं धरलं, तर ५ मीटरवर दर चौरस मीटरला १६ वॅट आणि १० मीटरवर जेमतेम ४ वॅट पोहोचतात. तोटा आहे ८७ वॅटचा, म्हणजे एकरी सुमारे ३५० किलोवॅटचा! बांधावर एक मोठा जाळ केला तर त्याची गरम हवा सरळ वर निघून जाते, बागेला काही मिळत नाही. त्याऐवजी ओळींमध्ये छोट्या छोट्या शेकोट्या ठेवल्या तर निदान त्यांच्या जवळच्या वेलींना ऊब मिळते. धुराच्या पांघरुणावर मात्र भिस्त ठेवू नये. धुराचे कण इतके बारीक असतात की सुमारे १० मायक्रॉन लांबीच्या या लहरींना ते फारसे अडवत नाहीत, आणि सकाळी तोच धूर कोवळं ऊन अडवतो.

रात्री सोडलेल्या पाण्याचाही हिशेब करा. विहिरीचं २४ अंशांचं पाणी ६ अंशांपर्यंत निवताना लिटरमागे ७५ किलोज्यूल देतं. दर चौरस मीटरला १ लिटर पाणी ८ तासांत निवलं, तर सरासरी अडीच वॅटच मिळतात. जमीन दिवसाच ओली असेल तर ती उन्हाची उष्णता खोलवर साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. पाण्याचा खरा उपयोग तिथे आहे.

साधं पॉलिथिन डोक्यावर ताणलं तरी ते या लहरींना बरंचसं पारदर्शक असतं. आतून दवाचे थेंब धरले की मगच ते अडवू लागतं. कागदाचं तसं नाही. तो या लहरी शोषतो आणि स्वतःच्या तापमानाने परत टाकतो. सारख्याच उत्सर्जकतेचा एक पातळ पडदा मध्ये आला की प्रारणाची देवाणघेवाण निम्मी होते. पिंक बेरी (मणी गुलाबी पडणं) टाळायला घडांना कागद लावतात, तेव्हा घडाभोवती नेमका हा पडदा तयार होतो. मांडवावरच्या बागेत घडाला वर आभाळाऐवजी पानं दिसतात, म्हणजे एक पडदा आधीच असतो. ज्या वेलीची वरची पानं विरळ झाली आहेत, तिच्या घडांना कागद आधी लावावा.