रक्ताचा ओघ धमनीला कळतो कसा?

कोलेस्टेरॉल शरीरभर फिरणाऱ्या रक्तात सारखंच मिसळलेलं असतं. तरीही धमनीत चरबीचे थर बहुधा फाटा फुटतो तिथे किंवा वळणाच्या आतल्या बाजूला साचतात. या विषयाचा मोठा इतिहास या एका कोड्याभोवती फिरतो.

ओघ आणि वाहिनी यांचं नातं रिचर्ड थोमा या जर्मन वैद्यकाने १८९३ मध्येच मांडलं होतं. कोंबडीच्या गर्भातल्या ज्या वाहिन्यांत रक्त वेगाने धावतं त्या रुंदावतात, ओघ मंदावला की आक्रसतात, हे त्याने पाहिलं. हा वेग नेमका कोणाला जाणवतो, हा प्रश्न मात्र पुढची कित्येक दशकं तसाच राहिला.

चरबीचे थर कुठे आणि का साचतात, यावर वाद पेटला १९६०च्या दशकात. अमेरिकेतल्या डोनाल्ड फ्राय यांनी १९६८ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की रक्ताचं घर्षण फार वाढलं तर आतलं अस्तर सोलवटतं. म्हणजे दोष जोराच्या ओघाचा. पुढच्याच वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या कॉलिन कारो आणि सहकाऱ्यांनी नेमकं उलट सांगितलं: थर साचतात ते घर्षण कमी असतं तिथे. पुढचे पुरावे कारोंच्या बाजूने झुकले. फ्राय यांचा प्रयोग चुकीचा नव्हता, पण त्यांनी लावलेला घर्षणाचा ताण धमनीत एरवी असतो त्याच्या कितीतरी पट होता.

तोवर हे अस्तर म्हणजे पाइपाला आतून दिलेला गुळगुळीत मुलामा, अशीच समजूत होती. ती मोडली अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी. सशाच्या महाधमनीची पट्टी अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाने सैल पडते, पण आतलं अस्तर घासून काढलं तर पडत नाही, हे त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. अस्तरातून सुटून पट्टी सैल करणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड निघाला आणि १९९८ चं नोबेल त्या शोधमालिकेला मिळालं. १९८०च्याच दशकात प्रयोगशाळेत वाढवलेल्या, गाईच्या धमनीच्या अस्तरातल्या पेशी एकदिश प्रवाहात ओघाच्या दिशेने लांबट होऊन रांगेत लागताना दिसल्या. खळबळत्या प्रवाहात मात्र त्या रांगेत येईनात, उलट विभाजित होऊ लागल्या. मला विचाराल तर फाट्यांच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं, कारण फाट्याशी रक्त सरळ वाहत नाही, पुढे-मागे हिंदकळतं.

उरला प्रश्न ताण टिपणाऱ्या रेणूचा. २००५ मध्ये दोन पेशींच्या सांध्यावरचा प्रथिनांचा समूह पुढे आला. २०१० मध्ये आर्डेम पातापुटियन यांच्या गटाने ताणाने उघडणारं पिएझो-१ हे प्रथिन शोधलं, आणि २०१४ मध्ये दिसलं, की ते नसलेल्या उंदरांचे गर्भ वाहिन्या नीट न घडल्याने पोटातच मरतात. सांध्यावरचा समूह आणि पिएझो-१ यांपैकी ताण आधी कोण टिपतं, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.