प्रिंटर दिसतो, पण ओळखू येत नाही

विंडोज एक्सपीच्या काळात नवा प्रिंटर खोक्यातून काढला की त्याच्या यूएसबीच्या तोंडावर बऱ्याचदा एक रंगीत पट्टी चिकटवलेली असायची: आधी सीडी चालवा, मग केबल जोडा. ती न वाचताच सोलणारे आपण बहुतेक सगळेच. मग पडद्याच्या कोपऱ्यात नवं हार्डवेअर सापडल्याचा फुगा यायचा आणि जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह ठाण मांडून बसायचं. प्रिंटर दिसला होता, पण तो कोण हे विंडोजला कळलं नव्हतं.

मुळात ओळख पटवणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम नव्हतंच. सेंट्रॉनिक्स कंपनीच्या प्रिंटरबरोबर १९७० च्या सुमारास आलेली पॅरलल जोडणी १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीने उचलली आणि तिला एलपीटी१ हे नाव पडलं. आठ तारांवरून एकेक अक्षर पुढे जायचं; उलट निरोप यायचे ते ‘थांब’, ‘कागद संपला’ अशा थाटाचे. प्रिंटरला नाव विचारायची सोय नव्हती आणि डॉसला, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, त्याची गरजही नव्हती. समोर कुठला प्रिंटर आहे ते वर्डस्टारसारख्या लेखनाच्या किंवा लोटससारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये आपणच निवडायचं, प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळं. एप्सनच्या प्रिंटरच्या आज्ञा इतक्या रुळल्या, की इतर कंपन्यांचे डॉट मॅट्रिक्स, म्हणजे पिना ठोकून छापणारे प्रिंटरही त्याच बोलू लागले.

विंडोजने हा कारभार स्वतःकडे घेतला: ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी त्याच्या भाषेत बोलणारा प्रोग्रॅम, एकच आणि तो सगळ्यांसाठी. १९९४ च्या आयईईई १२८४ या मानकाने प्रिंटरला आपला मेक आणि मॉडेल सांगण्याची सोय दिली, विंडोज ९५ ने ते ऐकायला सुरुवात केली. मग यूएसबी आली. विंडोज ९८ ला ती कळत होती; १९९६ च्या विंडोज एनटी ४ ला मात्र यूएसबी मुळातच माहीत नव्हती.

खरी गोची झाली ती स्वस्त लेसर प्रिंटरमुळे. आधीच्या लेसर प्रिंटरमध्ये स्वतःचा प्रोसेसर, मेमरी आणि पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्टसारखी, पानावर काय कुठे छापायचं ते सांगणारी भाषा असायची. खर्च कमी करायला कंपन्यांनी ही अक्कल काढून कॉम्प्युटरवर टाकली. पानाचं चित्र विंडोजने तयार करायचं, प्रिंटरने फक्त ठिपके उमटवायचे. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारे एचपी लेसरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० याच जातीचे. १०२० तर इतका कोरा, की चालू केला की दर वेळी त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, कॉम्प्युटरकडून त्याच्यात भरावं लागतं. अशा प्रिंटरचा ड्रायव्हर नसेल तर त्याच्याशी बोलायला दुसरी भाषाच उरत नाही.

केबल लावली की प्रिंटर आपली कंपनी आणि मॉडेल सांगतो. विंडोज आपल्या आयएनएफ फाइलींत, म्हणजे कुठल्या मॉडेलला कुठला ड्रायव्हर याच्या याद्यांत, ती जोडी शोधतं. जुन्या विंडोजच्या फाइली त्या काळी असलेल्या मॉडेलांपुरत्याच, त्यामुळे नंतर आलेला प्रिंटर त्यांत सापडणार कसा? शिवाय ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. एक्सपीवर नवा प्रिंटर बसवताना म्हणूनच आधी बघावं, की त्याला पीसीएल येते का. येत असेल तर एक्सपीत आधीपासून असलेला लेसरजेट ४ चा ड्रायव्हर निवडून पानं बऱ्याचदा निघतात. ट्रे आणि दोन्ही बाजूंची छपाई यांची आशा मात्र सोडावी.

२०१० मध्ये ॲपलच्या एअरप्रिंट या सोयीने ड्रायव्हरशिवाय छपाईची वाट रूढ केली. प्रिंटरला पुन्हा अक्कल आली, पण ती नवी भाषा एक्सपीला येत नाही.

तरी जुनी मशीनं टाकवत नाहीत. डीटीपीवाल्यांच्या वर्षानुवर्षांच्या मराठी फाइली पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आणि जुन्या फाँटमध्ये अडकलेल्या. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम एलपीटी१ सोडून कुठे छापतच नाही. अशा ठिकाणी यूएसबीचा डॉट मॅट्रिक्स शेअर करतात आणि ‘नेट यूज’ ही आज्ञा देऊन एलपीटी१ त्याच्याकडे वळवतात. नुसता मजकूर पाठवला तरी डॉट मॅट्रिक्सला तो कळतो, म्हणून हे जमतं. १०२० ला जोडून बघा, एक ओळ उमटणार नाही. ती आज्ञा बॅच फाइलीत, म्हणजे आज्ञा ओळीने चालवणाऱ्या फाइलीत, घालून स्टार्टअपमध्ये टाकलेली असते. रोज सकाळी मशीन चालू होतं, काळी खिडकी क्षणभर चमकून जाते, आणि पंचवीस पिनांची केबल अजून मागे लावलेलीच आहे असं समजून फॉक्सप्रो पावत्या छापायला घेतो.