खुब्याचा सांधा बदलल्यावर मांडीचं हाड सांभाळा
(आमच्याकडून वॉकर, काठी किंवा कमोड खुर्ची नेणाऱ्या घरांसाठी)

खुब्याचा ‘बॉल’ बदलून आजी-आजोबा घरी आले की घरच्यांना वाटतं, आता धातूचा सांधा आहे, काळजी मिटली. सांधा सहसा मोडत नाहीच. मोडतं ते त्याच्या भोवतीचं मांडीचं हाड. बॉल ज्या धातूच्या दांड्यावर बसतो, तो दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत उतरवलेला असतो. मातीच्या भिंतीत सागवानी चौकट बसवली तरी भिंत जुनीच राहते, तसं हे. हाड ठिसूळ असेल आणि माणूस कुशीवर पडला, तर दांड्याच्या आसपास किंवा टोकाशी हाड तडकतं. काही वेळा उभ्याउभ्या पाय मुरगळणंही पुरतं.

धोका दोन टप्प्यांवर जास्त असतो. एक, ऑपरेशननंतरचे पहिले तीन महिने. दुसरा, बऱ्याच वर्षांनी दांडा सैल होऊ लागतो तेव्हा. दांडा हाडाचं सिमेंट लावून बसवतात किंवा सिमेंटशिवाय घट्ट ठोकून. सत्तरीच्या पुढे, त्यातही बायकांमध्ये, बिनसिमेंटच्या दांड्याभोवती सुरुवातीला फ्रॅक्चरचं प्रमाण जास्त आढळतं. म्हणून तो वाईट असं नाही. हाड पाहून सर्जन ठरवतात. पण आपल्याकडे कोणता बसवलाय हे विचारून ठेवा. पायावर वजन किती टाकायचं हेही त्यांनाच विचारा, शेजारच्या काकूंना नको.

आता आमच्या रोजच्या कामातलं. भाड्याचा वॉकर आधी कुणा उंच आजोबांकडे असतो आणि तसाच ठेंगण्या आजींकडे जातो. हे चालत नाही. सरळ उभं राहून हात सैल सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीला आली पाहिजे आणि धरल्यावर कोपर किंचित वाकलं पाहिजे. पायांची रबरी बुचं उलटी करून बघा: खाचा झिजून तळ गुळगुळीत झाला असेल, तर ओल्या फरशीवर वॉकर सरकणारच. बूच दुकानात आणा, बदलून देऊ. वॉकर एका हाताने ढकलत दुसऱ्या हातात चहाचा कप नेऊ नका. वस्तू न्यायला पुढच्या दांडीला कापडी पिशवी अडकवा. काठीवर आल्यावर ती ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उलटी धरणारेच आम्हाला जास्त दिसतात.

रात्री लघवीला उठणं ही पडण्याची मोठी वेळ. झोपेची गोळी, रक्तदाबाचं औषध आणि अंधार एकत्र आले की तोल जातो. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उठावं. वाटेत छोटा दिवा ठेवा आणि बाथरूमच्या दारातलं सुटं पायपुसणं काढून टाका. भिंतीला पकडदांडी बसवा; टॉवेल टांगायची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. या काळात पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवायची लाज वाटू देऊ नका.

हाडाचं औषध मात्र दुकानात मिळत नाही, ते डॉक्टरांकडून घ्यायचं. डेक्सा तपासणीत (हाडाची घनता मोजणाऱ्या एक्स-रेत) टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं. आठवड्यातून एकदाची अलेंड्रोनेटची गोळी दिली असेल, तर ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन परस्पर बंद करू नका, तसं बंद केल्याने मणक्याची हाडं मोडू शकतात.

खुर्चीतून उठताना पहिल्या काही पावलांना मांडीत कळ येत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. दांडा सैल होतोय का, हे एक्स-रेत पाहायला हवं. पडल्यावर पायावर उभं राहता येत नसेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर उभं करून पाहू नका, ओढू-चोळू नका, खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन करा आणि एक्स-रे गुडघ्यापर्यंतच्या पूर्ण मांडीचा काढायला सांगा.

दांडा घट्ट असेल तर सहसा प्लेट आणि तारांनी हाड जोडतात, सैल असेल तर बहुधा लांब दांडा घालावा लागतो. त्यासाठी सर्जनना आधीच्या दांड्याची कंपनी आणि माप हवं असतं. ते बहुतेक वेळा ऑपरेशनच्या फायलीत चिकटवलेल्या छोट्या स्टिकरवर असतं. त्याचा फोटो आजच काढून घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा.