कॉमिक्स फक्त पोरांसाठी असतात?

"कॉमिक्स पोरासोरांसाठी, मोठ्यांनी वाचण्यासारखं त्यात काय असतं" हे वर्षानुवर्षं फिरतंय, आणि वेताळ नि चाचा चौधरीवर वाढलेल्या कुणालाही तसं वाटणं साहजिकच आहे. पण चित्रं ही फक्त सांगायची पद्धत झाली, विषय काहीही असू शकतो. 'माउस' हे कॉमिक घ्या, नाझी छळछावणीतून वाचलेल्या बापाची गोष्ट, चित्रांत ज्यू उंदीर दाखवलेत आणि जर्मन मांजरं, १९९२ ला पुलित्झर मिळालंय त्याला. पहिल्यांदाच वाचणार असाल तर 'पर्सेपोलिस' जास्त सोपं जाईल, साधी काळीपांढरी चित्रं, इराणची क्रांती एका मुलीच्या नजरेतून. खात्री करायची तर दुकानात मागचं कव्हर बघा, बऱ्याच पुस्तकांवर वयोगट छापलेला असतो, नाहीतर सरळ मधली चार पानं वाचा की.